पावणेसात क्विंटलचा लॅपटॉप

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या एका गावात, आमच्या घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत मी आठ वर्षांपासून सेवा केंद्र चालवते. सातबारा काढून देणे, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणे, पीकविमा, अंगठ्यावर पैसे काढून देणे, अशी ही कामे आहेत आणि त्या सर्वांचा भार 2017 च्या दिवाळीत 31,500 रुपयांना घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर होता. सहाव्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती) आणि 1 टीबीची हार्ड डिस्क असलेले हे यंत्र त्या काळी गावाच्या मानाने चांगलेच म्हणावे असे होते. तो दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न 2025 च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत मला पुरला. त्या पाच महिन्यांत मी काय केले, कुठे चुकले आणि कुठे नशिबाने वाचले, ते येथे लिहीत आहे.

जमाखर्चाची वही ठेवण्याची सवय असल्यामुळे लॅपटॉपवर आजवर झालेला खर्च मला रुपयापर्यंत सांगता येतो. 2020 मध्ये कीबोर्डची काही बटणे उमटेनाशी झाली म्हणून 1,400 रुपये देऊन तो बदलला. 2022 मध्ये 1,900 रुपयांची बॅटरी घातली; ती मूळ कंपनीची नव्हती आणि सव्वा वर्षातच तिने मान टाकली. 2023 मध्ये प्रत्येकी 650 रुपयांचे दोन चार्जर जळले. 2024 मध्ये पडद्याचा कब्जा निखळला, त्याचे 900 रुपये गेले. म्हणजे 2025 उजाडेपर्यंत 5,500 रुपये खर्च झाले होते आणि त्यातील एकही खर्च त्या त्या वेळी मोठा वाटला नव्हता. वहीत ते वेगवेगळ्या पानांवर होते. बेरीज मी पहिल्यांदा केली ती 2025 च्या जुलैमध्ये.

विजेच्या जोडणीकडे मात्र मी त्या वेळी लक्ष दिले नव्हते, ही माझी चूक होती. लॅपटॉपच्या कडेला हात लागला की बोटांना मुंग्या आल्यासारखे व्हायचे आणि मी ते हसण्यावारी नेत असे. चार्जरची पिन तीन पायांची, पण मी ती दोन छिद्रांच्या एक्स्टेंशनमध्ये जोड लावून खुपसलेली होती. गावातल्या वायरमनने अर्थिंगची तार टाकून पिन तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये लावून दिली आणि मुंग्या त्याच दिवशी थांबल्या.

आता जुलैकडे येते. 2023 आणि 2024 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा होता, तेव्हा केंद्रासमोर रांग रस्त्यापर्यंत जायची. 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन शेतकऱ्याला सोयाबीनसारख्या पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागू लागल्याने गर्दी ओसरली होती, तरीही 31 जुलैच्या आधीचे चार दिवस आमच्याकडे सणासारखेच असतात. लॅपटॉप सुरू व्हायला त्या दिवसांत सहा ते सात मिनिटे घेत होता, म्हणून मी सकाळी बटण दाबून चहा ठेवायला आत जात असे. 29 जुलैला दुपारी अडीच वाजता, एका मामांच्या अर्जावर शेवटचे बटण दाबण्याच्या बेतात असताना, पडदा काळा झाला. चार्जर हलवून, वाकवून, विशिष्ट कोनात धरून तो पुन्हा लागला आणि दहा मिनिटांनी पुन्हा गेला. त्यानंतरचा दीड दिवस काम बंद राहिले. दारात बसलेले म्हातारे दर पाच मिनिटांनी विचारत होते, ‘ताई, कव्हा चालू होईल?’ आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

विम्याच्या एका अर्जामागे केंद्राला 40 रुपये मिळतात. साधारण साठ अर्ज हुकले असे धरले तर माझे 2,400 रुपये बुडाले. पण ते साठ लोक जीपने औशाला गेले, तिथे रांगेत उभे राहिले आणि त्यांचा खुरपणीचा दिवस मोडला. तो खर्च माझ्या वहीत कुठेच येत नाही. यंत्र बेभरवशाचे असणे आणि यंत्र बंद असणे यांतला फरक मला तेव्हा कळला. बंद यंत्र असते तर मी सकाळीच दारावर पाटी लावली असती आणि माणसे वेळेत दुसरीकडे गेली असती.

1 ऑगस्टला मी लातूरला गेले. पहिल्या दुकानात, ज्याचे नाव मी लिहिणार नाही, काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. चार्जर लावून पाहिला, दिवा लुकलुकला आणि त्याने सांगितले, ‘मदरबोर्ड गेलाय, साडेनऊ हजार लागतील, नाहीतर एक्स्चेंजमध्ये दोन हजार देतो, नवा घ्या.’ मी घाबरले होते आणि जवळजवळ हो म्हणणार होते. थांबले ते एवढ्याच कारणाने की आठ वर्षे मी दुसऱ्यांचे अर्ज तपासत आले आहे आणि कागद न पाहता त्रुटी सांगणाऱ्या बाबूवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरे दुकान म्हणजे एका जिन्याखालची सहा फुटांची जागा होती. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या दादांनी आधी मीटर काढला आणि चार्जरच्या टोकाचा दाब मोजला. तो साडेएकोणीस व्होल्ट भरला, म्हणजे चार्जर ठीक होता. मग त्यांनी माझ्यासमोर मागचे झाकण काढले. चार्जर जिथे खुपसतो तो जॅक या नमुन्यात मदरबोर्डवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवर, डाग देऊन बसवलेला नव्हता. छोट्या वायरीच्या टोकाला असलेला तो सुटा भाग होता, आणि त्याची आतली पिन डुगडुगत होती. सगळा ‘मदरबोर्ड’ एवढाच होता. पंख्याकडे मात्र दादा बराच वेळ पाहत राहिले. पंखा आणि तांब्याच्या नळीजवळची जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा एक थर बसला होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून तळहातावर घेतला, चुरला आणि म्हणाले, ‘ताई, ही धूळ नाही, हा सोयाबीनचा भुसा आहे.’ दर ऑक्टोबरात आमच्या रस्त्यावरून मळणीयंत्रे जातात आणि समोरच्या खळ्यावर रात्रंदिवस मळणी चालते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

त्या थरामुळे गरम हवेला बाहेर पडायची वाटच उरली नव्हती. त्यात पत्र्याची खोली आणि लातूरचा उन्हाळा. शिवाय यंत्राला ओरखडे पडू नयेत म्हणून मी त्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवत असे, म्हणजे खालच्या जाळ्याही मीच बुजवल्या होत्या. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद करतो. अडीच वाजताचा काळा पडदा काही अंशी जॅकमुळे आणि काही अंशी या उष्णतेमुळे होता. दोन रोग एकाच वेळी असल्यामुळे मला ते एकच वाटत होते. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली पेस्टही वाळून खडू झाली होती. जॅक, सफाई, नवी पेस्ट आणि मजुरी मिळून 850 रुपये झाले.

मी निघणार, तेवढ्यात दादांनी हार्ड डिस्कची तपासणी करणारा एक लहानसा प्रोग्राम चालवून दाखवला. त्यात निळ्याऐवजी पिवळा रंग आला. डिस्कचे काही कप्पे तिला वाचता येत नव्हते आणि ते बाद करायचे की नाही याचा निर्णय ‘प्रलंबित’ होता. हा शब्द माझ्या रोजच्या ओळखीचा असल्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दादांनी एकच गोष्ट बजावली: आज घरी जाऊन दुसरे काहीही करू नका, डिस्क दुरुस्त करण्याचा कुठलाही उपाय चालवू नका, आधी महत्त्वाचे सगळे दुसरीकडे उतरवून घ्या, कारण आजारी डिस्कला दुरुस्तीच्या निमित्ताने तासन्‌तास पळवले की ती त्यातच जाऊ शकते.

ती रात्र मी डिस्कसमोर बसून काढली. आधी हिशेबाच्या फाइली, मग केंद्राची नोंदवही, मग मुलाच्या शाळेपासूनचे फोटो अशा क्रमाने मी बाहेरच्या डिस्कवर उतरवत गेले. दोन ठिकाणी प्रत उतरवणे अडकले. त्या फाइली सोडून मी पुढे गेले आणि शेवटी परत येऊन पाहिले, तेव्हा एक मिळाली, एक कायमची गेली. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘स्कॅन’ नावाच्या एका फोल्डरमध्ये आठ वर्षांत आलेल्या लोकांची आधार कार्डे, बँकेची पासबुके आणि रेशनकार्डे तशीच पडलेली होती. अर्ज भरून झाल्यावर ती पुसायला हवी होती. मी ती कधी पुसली नव्हती. त्याच दिवशी दोन हजारांच्या एक्स्चेंजला मी हो म्हटले असते तर अर्ध्या गावाची कागदपत्रे त्या काउंटरवर सोडून आले असते, या विचाराने मला नंतरही बरेच दिवस अस्वस्थ केले.

पुढचा प्रश्न असा होता की या यंत्रावर आणखी पैसे घालावेत का. पुण्यात नोकरी करणारा मुलगा फोनवर म्हणाला, ‘आई, आठ वर्षांचा लॅपटॉप म्हणजे म्हातारा झाला, नवीनच घे, मी पाठवतो पैसे.’ त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण यंत्राचे वय हे सगळ्या भागांचे सारखे नसते. प्रोसेसर आठ वर्षांनंतरही जवळपास जसाच्या तसा असतो. बॅटरी रसायनावर चालते, त्यामुळे वापर आणि उष्णता या दोहोंनी ती झिजते. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला 5,400 वेळा फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारा दांडा असतो, आणि बारीकसारीक शेकडो फाइली एकदम मागितल्या की तो दांडा नुसता धावत राहतो. सहा मिनिटांचा माझा चहा त्या धावण्यातच उकळत होता. म्हणजे लॅपटॉप संथ नव्हता, डिस्क संथ होती.

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी साठवण; तिच्यात फिरणारे काहीच नसते. दादांनी 480 जीबीच्या एसएसडीचे 3,100 आणि 8 जीबी रॅमचे 1,750 रुपये सांगितले. रॅमसाठी एक जागा रिकामी होती, म्हणून जुनी 4 जीबी तशीच ठेवून एकूण 12 जीबी होणार होती. मी घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि त्या विचारातून एक कसोटी हाती लागली, जी मला 2020 मध्ये सापडली असती तर बरे झाले असते. जो भाग उद्या काढून दुसऱ्या यंत्रात बसवता येईल, त्यावरचा पैसा या लॅपटॉपबरोबर मरत नाही. जो भाग याच यंत्राच्या मापाचा आहे, त्यावरचा पैसा यातच पुरला जातो. कीबोर्ड, कब्जा, बॅटरी हे पुरले जाणारे खर्च होते आणि आजवर मी बहुतेक तेच केले होते. एसएसडी आणि रॅम हे बरोबर येणारे होते. म्हणून ते दोन्ही घेतले आणि बॅटरी घेतली नाही.

बॅटरीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे मोह मोठा असतो. विंडोजमध्येच एक आज्ञा आहे, जी दिली की बॅटरीचा सगळा इतिहास कागदावर यावा तसा समोर येतो: मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण भरल्यावर उरते किती. माझ्या बॅटरीची मूळ क्षमता 41 वॉट-तास होती आणि उरली होती 9. पंचवीस मिनिटे. पण केंद्रात इन्व्हर्टर आहे आणि वीज गेली तरी चार्जर चालू राहतो, त्यामुळे मला लागणारी पंचवीस मिनिटे फक्त अर्ज जतन करण्यापुरतीच होती. बॅटरी फुगलेली नाही, टचपॅड वर उचलला गेलेला नाही, एवढे मात्र दादांकडून तपासून घेतले. फुगलेली असती तर पैशांचा विचार न करता ती त्याच दिवशी काढावी लागली असती, कारण तो आगीचा विषय असतो.

850, 3,100 आणि 1,750 मिळून 5,700 रुपये झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉप घरी आला आणि पंचवीस सेकंदांत सुरू झाला. माझा सकाळचा चहा त्या दिवसापासून दहा मिनिटे उशिरा होऊ लागला. मला वाटले, प्रश्न सुटला. तो दीड महिना सुटलेला राहिला.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याबद्दल येथे वेगळे लिहीत नाही. आमचे चार एकर सोयाबीन आठवडाभर पाण्यात उभे होते, एवढेच सांगते. त्यानंतर केंद्रात एकाच वेळी दोन रांगा लागल्या. एक ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीसाठी आलेल्या बायकांची, जिथे ओटीपी येत नसे, आणि दुसरी नुकसानीच्या अनुदानासाठी अंगठा द्यायला आलेल्या शेतकऱ्यांची. याच काळात अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची जोडणी मध्येच तुटू लागली. बोट ठेवले की दिवा लागायचा, पडद्यावर ‘यंत्र जोडलेले नाही’ असे यायचे, वायर काढून पुन्हा घातली की चालायचे. शिवाय लॅपटॉप पुन्हा अधूनमधून आपोआप बंद होऊ लागला, आणि आता त्याला उष्णतेचे कारण देता येत नव्हते, कारण बाहेर पाऊस होता आणि पंखा स्वच्छ होता.

कधीतरी होणारा बिघाड दुरुस्ती करणाऱ्याला दाखवता येत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. दुकानात नेले की यंत्र सज्जनासारखे वागते. म्हणून मी भिंतीवर एक कागद चिकटवला आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, काय चालू होते आणि काय काय जोडलेले होते, हे लिहू लागले. दोन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. त्यांतल्या अकरा नोंदींत अंगठ्याचे यंत्र तुटले होते आणि त्या अकराही वेळी प्रिंटर बाजूच्या पोर्टला लावलेला होता. तीन वेळा लॅपटॉपच बंद पडला होता आणि त्या तिन्हींत काहीच समान सापडत नव्हते. हा कागद मी दादांकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, ‘ताई, हे तुम्ही लिहिलंय? आमच्याकडे लोक नुसतं चालत नाही म्हणतात.’

त्या कागदावरून त्यांनी जे सांगितले ते असे. अकरा नोंदींचे कारण बहुधा पोर्टला पुरेशी वीज न मिळणे हे आहे. स्वतःचा वेगळा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टवर अनेक जोड देणारी डबी, लावला तर ते थांबेल. 600 रुपयांचा हब लावला आणि ते खरोखरच थांबले. उरलेल्या तीन नोंदी बोर्डावरच्या होत्या. दादा म्हणाले, ‘बोर्ड उतरवून वीज देणारा भाग तपासावा लागेल. अडीच हजार घेईन. चालेल, पण किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याची गॅरंटी देत नाही.’ हे वाक्य ऐकले आणि माझा निर्णय तिथेच अर्धा झाला. साडेनऊ हजार मागणाऱ्या पहिल्या दुकानदाराने मला नव्याकडे ढकलले होते तेव्हा मी अडले होते. हातातले अडीच हजार सोडून खरे बोलणाऱ्या माणसाने ढकलले तेव्हा अडले नाही.

दुसरे अर्धे कारण कॅलेंडरवर होते. माझ्या लॅपटॉपवरच्या विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होते. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या प्रोसेसरवरच बसते, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. माझ्या आय-थ्रीच्या पुढे 6006 असे लिहिलेले आहे आणि त्यातला पहिला 6 म्हणजे त्याची पिढी. आडवाटेने विंडोज 11 बसवून देणारे लातुरात आहेत, परंतु ज्या यंत्रावर लोकांचे अंगठे आणि बँक खाती चालतात, तिथे मला आडवाट नको होती. घरगुती वापराच्या यंत्रांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने दिली आहे, पण माझे यंत्र घरात असले तरी घरगुती वापराचे नाही. विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्सचा सल्ला मुलाने दिला. तो चांगला आहे, पण माझ्या अंगठ्याच्या यंत्राला लागणारी सेवा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते, त्यामुळे कामापुरता तो रस्ता बंद होता.

मग काय घ्यायचे हा प्रश्न. नवा, 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीचा लॅपटॉप 39,990 रुपयांना होता. दुकानदाराने हप्ते सांगितले. मी विचारले की रॅम वाढवता येते का, तेव्हा कळले की या पातळ नमुन्यात रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे आणि मोकळी जागा नाही. म्हणजे माझी 1,750 रुपयांची रॅम त्यात जाणार नव्हती आणि उद्या कमी पडली तर काहीच करता येणार नव्हते. डेस्कटॉपचा विचारही मी मनापासून केला, कारण माझा लॅपटॉप वर्षातले साडेतीनशे दिवस एकाच टेबलावर असतो आणि डेस्कटॉपचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. पण उरलेले पंधरा दिवस शेजारच्या गावांतल्या शिबिरांचे असतात आणि तिथे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर डेस्कटॉप मांडता येत नाही.

उरला तो रिफर्बिश्ड, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला आणि तपासून पुन्हा विकायला ठेवलेला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह 21,000 रुपयांना आणि अकराव्या पिढीचा 27,000 रुपयांना होता. आठव्या पिढीचा घ्यावा असे प्रथम वाटले. सहा हजार वाचत होते आणि विंडोज 11 चालत होते. पण आठवी पिढी ही आजच्या नियमाच्या अगदी उंबरठ्यावर उभी आहे. पुढच्या वेळी नियम वर सरकला की पहिल्यांदा तीच बाहेर राहणार, आणि उंबरठ्यावर असणे म्हणजे काय हे मी सहाव्या पिढीसह नुकतेच भोगले होते. म्हणून अकरावी.

घरी हा विषय निघाला तेव्हा ह्यांनी लगेच हिशेब क्विंटलमध्ये केला. सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये जाहीर झालेला असला तरी बाजारात त्या दिवशी भाव चार हजारांच्या आसपास होता, म्हणजे 27,000 रुपयांना पावणेसात क्विंटल, आणि आमचे भिजून काळे पडलेले दाणे तर त्याहूनही खाली जाणार होते. ‘त्या डब्याला पावणेसात क्विंटल?’ असे ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मी वही पुढे केली. जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत केंद्राची कमाई किती, बंद पडलेले दिवस किती आणि त्या दिवसांची सरासरी कमाई किती, हे त्यात होते. त्यांनी बेरीज तपासली, एका ठिकाणी माझी हातच्याची चूक काढली आणि म्हणाले, ‘घे. पण पक्कं बिल घे.’ मुलाने पाठवलेले दहा हजार त्यात धरले, बाकीचे माझे.

खरेदीच्या दिवशी मी दुकानात पाऊण तास बसले, याचा दुकानदाराला थोडा कंटाळा आला. बॅटरीचा इतिहास काढून पाहिला. मूळ क्षमतेच्या 81 टक्के शिल्लक होती, ती मला मान्य झाली. विंडोज सक्रिय आहे का, यंत्र सुरू होतानाच जुन्या कंपनीचा पासवर्ड मागितला जातो का, चारही पोर्टमध्ये माझे अंगठ्याचे यंत्र चालते का, पडदा मागेपुढे करताना लुकलुकतो का, हे स्वतः पाहिले. अंगठ्याचे यंत्र पिशवीतून काढले तेव्हा दुकानातली मुले हसली, पण माझ्यासाठी लॅपटॉप म्हणजे त्या यंत्राला वीज देणारी पेटीच होती. सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर तारखेसह लिहून घेतली. नुसते ‘वॉरंटी आहे’ असे सांगणे आणि ते बिलावर असणे यांत फरक आहे.

माझी कसोटी प्रत्यक्षात अर्धीच खरी ठरली. रॅम नव्या यंत्राच्या दुसऱ्या जागेत बिनतक्रार बसली आणि 16 जीबी झाली. डिसेंबरात एका ओळखीच्या बाईंसाठी तीच रॅम विचारली तेव्हा भाव दुपटीच्या पुढे गेलेला होता, कारण मेमरी बनवणारे कारखाने आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवत असल्याचे दुकानदार सांगत होता. एसएसडी मात्र गेली नाही. ती अडीच इंचांची चपटी डबी, आणि नव्या यंत्रात फक्त च्युइंग गमच्या पट्टीसारखी एम-टू जातीची एसएसडी बसते. घेण्यापूर्वी हे विचारायचे मला सुचले नव्हते.

म्हणून ती जुन्या लॅपटॉपमध्येच राहू दिली आणि त्यावर लिनक्स मिंट बसवून तो स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पुतण्याला दिला. जुन्या 4 जीबी रॅमवर ते नीट चालते. महिन्यातून एक-दोनदा तो अजूनही आपोआप बंद होतो. पुतण्या म्हणतो, ‘काकू, बंद पडला की मी पाच मिनिटं डोळे मिटून उजळणी करतो.’ त्याच्या दारात रांग नसल्यामुळे त्याचे काही अडत नाही. बोर्डाच्या दुरुस्तीचे अडीच हजार मी अजून दिलेले नाहीत आणि देणारही नाही.

जुनी हार्ड डिस्क मात्र ऑगस्टपासून जवळजवळ चार महिने माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होती. फाइली पुसल्या तरी त्या परत काढता येतात हे मला दादांनी सांगितले होते, आणि अनेक कप्पे वाचताच येत नसलेली ती डिस्क पूर्ण पुसली गेली याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हते. भंगारवाल्याला ती द्यायला मन धजेना. शेवटी दत्तजयंतीच्या आधीच्या सोमवारी ती घेऊन मी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि ड्रिलने तीन भोके पाडून मागितली. दुसऱ्या भोकाला आतून बांगड्या फुटल्यासारखा आवाज आला; आतली तबकडी काचेची होती. वेल्डरने हलवून पाहिली, चुरा खुळखुळला, आणि त्याने विचारले, ‘काय होतं ह्यात?’ ‘तुझंसुद्धा आधार कार्ड,’ मी म्हणाले. त्याने पैसे घेतले नाहीत.